ओब्रादच्या दाताची जागा

दात काढणं हे ताकदीचं काम आहे, असं आमच्या आरिल्ये गावात अजूनही पुष्कळांना वाटतं. डॉक्टरचे दंड बघून लोक दवाखाना ठरवतात. त्यामुळे ग्रोझ्दाना डॉक्टरीणबाई इथे नव्या आल्या तेव्हा पहिले सहा महिने आम्ही दोघी खुर्चीवरची धूळ पुसत बसलो होतो. उंची जेमतेम पाच फूट, मनगटं शाळकरी पोरीची. "ही कसले दात काढतेय, हिला लोणच्याच्या बरणीचं झाकण तरी निघेल का?" हे मी म्हटलेलं आहे, आणि त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. त्या म्हणाल्या, "बोसिल्का, झाकणं तुम्ही काढा. दात माझ्यावर सोडा." त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या हाताला नर्स म्हणून उभी आहे.

मला राग पटकन येतो आणि कौतुक सहसा वाटत नाही, हे गावात कुणालाही विचारा. पण बाईंचं कौतुक मला आहे, आणि त्याचं कारण माझ्याच तोंडात आहे. मी चोवीस वर्षांची असताना तेव्हाच्या डॉक्टरांनी माझ्या खालच्या दाढा एकामागून एक काढल्या. माणूस देवासारखा, पण छातीवर गुडघा रोवून दाढ ओढायचा. दाढ गेली की विषय संपला, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत होती. दाढेबरोबर हळूहळू जबड्याचं हाडही जातं, हे मला कुणी सांगितलं नाही. आज माझा खालचा जबडा पाटासारखा सपाट आहे. कवळी बसवायला कड उरलेली नाही. मी शिंकले की ती माझ्याआधी बाहेर पडते.

आता ओब्रादचं सांगते.

ओब्राद म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या बँडचा पहिला ट्रम्पेट. नऊ ट्रम्पेटवाले, दोन ढोलवाले आणि पुढे हा. वय सेहेचाळीस, पोट सुटलेलं, पण ट्रम्पेट ओठाला लावलं की माणूस वेगळाच होतो. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तो वरचा ओठ सुजवून दवाखान्यात आला. सोबत त्याची आई मिलुन्का. मिलुन्का माझ्या शेजारची, सत्तरीची, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे औषध असतं.

"काय रे, मारामारी केलीस?" मी विचारलं.

"नाही गं बोसामावशी. कूमने बक्षीस दिलं."

कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार, त्या दिवसापुरता राजाच. आमच्याकडे पाहुणे खुशीत आले की वाजवणाऱ्याच्या कपाळाला नोट चिकटवतात, नाहीतर ट्रम्पेटच्या तोंडात कोंबतात. या कूमसाहेबांना खुशी जरा जास्तच झाली होती. ओब्राद वाजवत असताना त्यांनी समोरून नोट कोंबली ती मुठीसकट, आणि अशा जोरात, की ट्रम्पेट मागे सरकून त्याची ओठाला टेकवायची धातूची वाटी ओब्रादच्या पुढच्या दातावर आदळली. त्यानंतरही हा पठ्ठ्या दोन तास वाजवत होता.

बाईंनी स्कॅन काढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग पडदा त्याच्याकडे वळवला. "मूळ उभं चिरलंय, ओब्राद. हा दात राहणार नाही."

"ते मला पलीकडच्या पोझेगा गावातल्या डॉक्टरने सांगितलं. दात काढायचा, शेजारचे दोन घासायचे, तिघांवर मिळून ब्रिज बसवायचा. पंधरा दिवसांत वाजवशील म्हणाला."

"खोटं नाही बोलला."

"मग मी इथे कशाला आलो?"

"ते तूच सांग."

ओब्रादने सुजलेला ओठ चाचपला. "तोच म्हणाला, पाच-सात वर्षांनंतरचं मला विचारू नकोस. मला ते आवडलं नाही."

बाईंनी स्टूल जवळ ओढलं. त्या समजावून सांगतात तेव्हा मी हातातलं काम थांबवते, इतक्या वर्षांनंतरही. "जबड्याचं हाड दातासाठी असतं," त्या म्हणाल्या. "दात गेला की हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड शरीर ठेवून घेत नाही. पहिल्या वर्षातच बरंचसं विरघळतं. पुढच्या दाताबाहेरची भिंत तर कांद्याच्या सालीएवढी पातळ असते, ती आधी जाते. वर ब्रिज छान दिसेल, पण खाली खड्डा पडत जाईल. ओठाला मागून आधार राहणार नाही. आणि तू ट्रम्पेट कुठे टेकवतोस? नेमका तिथेच."

"आणि तुमच्याकडे काय उपाय आहे?"

"मी दात असा काढीन की भिंत शाबूत राहील. मग त्या रिकाम्या जागेत हाडाची भुकटी भरून ती झाकून टाकीन. तिच्या आधाराने तुझं स्वतःचं हाड भरत येईल. जुलैत तिथे स्क्रू बसवू, ऑक्टोबरात त्यावर दात. तोपर्यंत दिसण्यापुरता एक दात शेजारच्याला चिकटवून देईन. पण ट्रम्पेटला ओठ लावायचा नाही. एकदाही नाही."

"सात महिने?"

"सात महिने."

ओब्रादने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "नोव्हेंबरात नेवेनाचं लग्न आहे." नेवेना त्याची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे नवऱ्याची वरात दारात येते, आणि मुलगी उंबरा ओलांडते तेव्हा पहिला ट्रम्पेट एकटाच निरोपाची धून वाजवतो. बाकी सगळे गप्प असतात. "चारशे तरी पोरी मी घराबाहेर काढल्या असतील डॉक्टरीणबाई. माझी तेवढी राहिलीय. तिची मला वाजवायची आहे."

"ऑक्टोबरात दात, नोव्हेंबरात लग्न. जमेल. सगळं नीट झालं तर."

"भुकटी कसल्या हाडाची?" मिलुन्काने कोपऱ्यातून विचारलं.

"गाईच्या. शुद्ध केलेली असते."

"म्हणजे वाजवताना मी हंबरणार?" ओब्राद म्हणाला.

"आत्ता तरी काय वेगळं करतोस?" मी म्हटलं.

पण मिलुन्काला हसू येईना. सोमवारपासून उपास, सात आठवडे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, आणि पोराच्या जबड्यात गाय! ती थेट फादरना विचारून आली. फादर म्हणाले, "तो ती खाणार आहे का?" "नाही." "मग मला भाजी निवडू दे, जा घरी." असं तिनेच मला सांगितलं, आणि सांगतानाही तिचं पुरतं समाधान झालेलं नव्हतं. तरी एका बाबतीत हा उपास सोयीचा होता. उपासात लग्नं होत नाहीत, त्यामुळे बँड तसाही रिकामाच बसतो.

सोमवारी दात काढला. पोझेगाच्या डॉक्टरने चार मिनिटांत काढला असता. बाईंना पन्नास मिनिटं लागली. त्यांनी ओढलं असं एकदाही नाही. कागदाएवढ्या पातळ पात्याने त्या मुळाभोवती फिरत राहिल्या, थोडं इकडून, थोडं तिकडून. मग मूळच मधोमध कापून दोन तुकडे केले, म्हणजे पुढच्या भिंतीवर भार नको. तुकडे एकेक करून आतल्या बाजूला पाडून काढले. मी दिवा धरून होते. आत बघितलं तर भिंत जशीच्या तशी, आरपार उजेड दिसेल इतकी पातळ, आणि कुठे टवका नाही. त्यांनी रव्याएवढे दाणे रक्तात भिजवून हलक्या हाताने भरले. दाबून नाही, नुसते बसवले. वर पातळ पडदा आणि चार टाके. ज्या हातांना मी कधी काळी बरणीचं झाकण निघणार नाही म्हटलं होतं, ते हात मी त्या दिवशी बघत राहिले. मला माझा गुडघेवाला डॉक्टर आठवला आणि चक्क हेवा वाटला ओब्रादचा.

निघताना सूचनांचा कागद मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. जोरात चूळ नाही, नळीने काही ओढायचं नाही, सिगारेट नाही, मद्य नाही. मिलुन्का प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती.

चौथ्या दिवशी सकाळी ओब्राद दारात उभा. चेहरा राखेसारखा. "बोसामावशी, तोंडातून वाळू येतेय."

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि ओठ वर केला. पडदा एका बाजूने उचकटलेला, रक्ताची गाठ गेलेली, दाणे सुटे झालेले. आणि वास! तो वास आरिल्येत जन्मलेलं कुणीही शंभर पावलांवरून ओळखेल.

"राकिया," मी म्हटलं.

"रात्री ठणकत होतं," मिलुन्का म्हणाली.

"कागदावर काय लिहिलं होतं? मद्य नाही! मी वाचून दाखवलं तुला!"

"मद्य कुठे दिलं मी? वाइन नाही, बिअर नाही. आपली घरची, आलुबुखाऱ्याची. औषध आहे ते!"

"घरची!"

"आणि प्याला कुठे तो? तोंडात धरली, खळखळून चूळ भरली नि थुंकली. उपास आहे ना!"

"किती वेळा?"

मिलुन्काने ओब्रादकडे बघितलं, ओब्रादने जमिनीकडे. "तीन दिवस. सकाळ-संध्याकाळ," तो म्हणाला.

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. खरं सांगायचं तर माझाही राग अर्धा स्वतःवरच होता. सव्वीस वर्षं या गावात कागद वाचून दाखवतेय, मद्य म्हटल्यावर राकिया कुणाच्या डोक्यात येणार नाही हे मला कळायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या घरात ती औषधांच्या कपाटात असते.

बाईंनी मात्र हातमोजे घातले, कोमट पाण्याने जागा धुतली, सुटे दाणे काढले, आणि भिंगातून खूप वेळ आत बघत राहिल्या. मिलुन्का कोपऱ्यात क्रूसाची खूण करत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "भिंत उभी आहे."

"म्हणजे वाचलं?" ओब्रादने विचारलं.

"भिंत वाचली. आत भरलेलं गेलं. जखम शांत होऊ दे, मग एप्रिलच्या मध्यात मी पुन्हा भरीन. स्क्रू ऑगस्टच्या शेवटी. दात जानेवारीत; दुसऱ्यांदा भरलेल्या हाडाला जास्त वेळ द्यावा लागतो."

जानेवारी म्हटल्यावर मिलुन्काने तोंडावर रुमाल दाबला.

"दुसरा रस्ता अजून मोकळा आहे," बाई म्हणाल्या. "जखम भरली की ब्रिज लावू. मीच करून देईन, चांगला करून देईन, आणि मनात काही ठेवणार नाही. नोव्हेंबरात तू वाजवशील. पुढे किती वर्षं, ते मला सांगता येत नाही. कदाचित पाच. विचार कर. ती तुझी मुलगी आहे, माझी नाही."

मला वाटलं, हा ब्रिज घेणार. मी बाप असते तर घेतला असता. पण एप्रिलमध्ये तो आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भरा." नेवेनाला सांगितलं का, मी विचारलं. सांगितलं होतं. "म्हणाली, बाबा, परक्यांच्या पोरींसाठी ताप अंगात असताना वाजवलंत तुम्ही. मी म्हटलं, वाजवणं एवढंच मला येतं सोन्या, ते गेलं तर मी कोण? आठ दिवस बोलली नाही." मग त्याने तोंड उघडलं.

त्या उन्हाळ्यात ओब्राद रास्पबेरीच्या मळ्यात राबला. बँड त्याच्याशिवाय लग्नं वाजवत होता आणि गावात जिभा सैल सुटल्या होत्या. दाताचं नुसतं निमित्त, खरं तर फुफ्फुसं गेली असणार. गाईचं हाड घातलंय, आता गवत खातो. तो ऐकून घ्यायचा. महिन्याला दवाखान्यात यायचा, राकियाच्या वासाशिवाय. ऑगस्टच्या शेवटी बाईंनी स्क्रू बसवला तेव्हा हाड इतकं छान भरलं होतं की त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. असं त्या कधी करत नाहीत.

नोव्हेंबरात लग्नाला आम्ही दोघी गेलो. अंगण माणसांनी भरलं होतं. बँड दारासमोर उभा, आणि ओब्राद सूट घालून बाजूला. स्क्रू हाडात रुजायला अजून दोन महिने हवे होते. आत्ता वाटीचा दाब पडून तो केसभर जरी हलला असता तरी सगळं मुसळ केरात, हे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं आणि ओब्रादला माहीत होतं. पाहुण्यांना नव्हतं.

"ओब्राद, दात गेला की जीव गेला?" कुणीतरी ओरडलं.

"एक धून रे! स्वतःच्या पोरीची!"

नवऱ्याच्या काकाने खिशातून नोट काढून हवेत नाचवली. दुसरा ट्रम्पेटवाला द्रागोल्युब, साधा भला माणूस, त्याला राहवलं नाही. त्याने आपलं ट्रम्पेट ओब्रादपुढे धरलं. "घे दादा. हळूच वाजव. एवढ्याने काय होतंय?"

ओब्रादने ते घेतलं. बाईंनी माझी बाही घट्ट धरली. मी ओरडणार होते, देवाशपथ ओरडणार होते. ओब्रादने ट्रम्पेटची वाटी अंगठ्याने पुसली. तो हात छातीपर्यंत वर गेला आणि थांबला. किती वेळ थांबला, मला सांगता येणार नाही. मग त्याने ट्रम्पेट द्रागोल्युबच्या हातात परत दिलं. "तू वाजव. चांगलं वाजव," एवढंच म्हणाला. आणि सरळ मागे जाऊन ढोलवाल्याच्या गळ्यातला पट्टा काढून आपल्या गळ्यात घातला.

पहिल्या ट्रम्पेटने ढोल उचलणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. ढोल सगळ्यात मागे असतो. ढोलवाल्याला कुणी नोट लावत नाही.

द्रागोल्युबने धून वाजवली. वाईट नाही वाजवली. नेवेना दारात आली, तिने ट्रम्पेटवाल्यांच्या रांगेत बापाला शोधलं, मग मागे ढोलापाशी तो तिला दिसला. त्याने एकदा ठोका दिला, बारीक. तिने खाली बघितलं आणि उंबरा ओलांडून गाडीत जाऊन बसली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसांना वेदना सोसताना पाहिलंय, ते माझं कामच आहे. पण असं सोसणारा दुसरा पाहिला नाही. मी रडले. रडू आवरत नव्हतं म्हणून बाईंवर खेकसले, की चला घरी, थंडी आहे.

ख्रिसमस झाल्यावर जानेवारीत बाईंनी हिरडी उघडली. स्क्रू धरलाय का नाही, हे बघायची यंत्रं आहेत आमच्याकडे. पण त्याआधी त्या जुन्याच पद्धतीने आरशाच्या दांड्याने टकटक करतात. हाडाने धरलेला नसेल तर बद्द आवाज येतो.

त्यांनी टकटक केलं. आवाज खणखणीत आला, काचेच्या पेल्यावर नख मारल्यासारखा. बाई माझ्याकडे बघणार तोच ओब्रादच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून कानात गेलं. त्याच्या तोंडात आमची चार हत्यारं होती, बोलता येत नव्हतं. त्याने अंगठा वर केला. कान त्याचे, आमच्याआधी कळणारच.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी दात बसला. ट्रम्पेट तो घेऊनच आला होता, टॉवेलात गुंडाळून. बाई म्हणाल्या, "दोन मिनिटं. हळू. आणि दुखलं तर लगेच थांबायचं."

"बोसामावशी, फोन लावतेस? नेवेनाला." त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "आणि असा धरून ठेव."

नेवेना उझित्सेला नोकरी करते. दुपारची वेळ, ती कामावरून घरी परतलेली. "काय झालं बाबा? बरं आहे ना?"

ओब्रादने फोनकडे तोंड वळवलं. त्याने ट्रम्पेट ओठाला लावलं. पहिला सूर फाटला. वर्षभर न वाजवलेले ओठ, दुसरं काय होणार? दुसरा जरा थरथरला. तिसरा लागला. मग निरोपाची ती धून, सावकाश, अगदी हळू, दवाखान्याच्या चार भिंतींत. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले, आणि मी कुणालाही हाकललं नाही.

धून संपली. फोनमधून काहीच आवाज येईना. मला वाटलं, कट झाला. मी कानाला लावून बघणार, तेवढ्यात तिचा आवाज आला. घोगरा, रडलेला.

"थांबा बाबा. पुन्हा पहिल्यापासून वाजवा. मी दारात जाऊन उभी राहते."

तिकडे खुर्ची सरकली, पावलं वाजली, कडी निघाल्याचा आवाज आला. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे पाठ केली होती. ओब्रादने ओठ पुसले आणि ट्रम्पेट पुन्हा वर घेतलं.